वाचकांचे प्रश्न : हंगामी काम आणि अपंगत्वाचे लाभ

साखर कारखान्यांचे गाळप आटोपले, ऊसतोडीच्या टोळ्या अथणी, कागवाड, चिक्कोडीकडे परतल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. शेतजमिनीच्या वाटण्या आणि सातबाऱ्यावरच्या नावांची पत्रे मागे पडतात आणि मोडलेल्या हातापायांची पत्रे येऊ लागतात. या वेळी अशी पत्रे इतकी आली की सबंध सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे : ‘हंगामी कामगाराला काही मिळत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले.’ हे सांगणारा कधी मुकादम असतो, कधी कारखान्यातला बाबू, तर कधी खिडकीच्या आत बसलेला कर्मचारी. हे वाक्य चुकीचे आहे. ते कोठे आणि का चुकते, हे पुढील उत्तरांतून दाखवण्याचा प्रयत्न केला आहे. पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही नवराबायको दर वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातील एका कारखान्याच्या तोडीला जातो. जानेवारी २०२५ मध्ये डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढताना माझा पाय घसरला आणि उजव्या पायाचे हाड गुडघ्याखाली मोडले. ऑपरेशन झाले, पण पाय आखूड राहिला. आता उकिडवे बसता येत नाही आणि डोक्यावर ओझे घेऊन चालता येत नाही. मुकादमाने दवाखान्यासाठी पंचवीस हजार रुपये दिले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर माझा अंगठा घेतला. तो म्हणतो, कोयता नवऱ्याच्या नावावर आहे, तुझे नाव कुठल्याच कागदावर नाही. शिवाय उरलेली उचल आधी फेडा. दिव्यांगाचा दाखला ३५ टक्क्यांचा मिळाला म्हणून पेन्शनचा अर्जही परत आला. मला काहीच मिळणार नाही का? (एक भगिनी, अथणी तालुका)

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्यामुळेच आपल्याला दोन्ही दारे बंद दिसत आहेत. पेन्शन सरकार देते, तर अपघाताची भरपाई मालकाने द्यायची असते. दोन्हींकडे ‘टक्के’ विचारले जातात, पण ते टक्के एक नव्हेत.

दिव्यांगाच्या दाखल्यावरील टक्का शरीराचा असतो. पायाची हालचाल किती कमी झाली, पाय किती आखूड झाला, जोर किती राहिला, हे मोजून वैद्यकीय अधिकारी तो लिहितात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे आणि कर्नाटकाची मासिक पेन्शनही ४० टक्क्यांपासूनच सुरू होते. त्यामुळे ३५ टक्क्यांच्या दाखल्यावर अर्ज परत आला, यात अधिकाऱ्याची चूक नाही. मात्र दाखल्यातील मोजणीच आपल्याला मान्य नसेल तर त्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. तसेच दाखला तात्पुरता आहे की कायमचा, हे त्यावर पाहून घ्यावे. तात्पुरता असेल तर मुदत संपल्यावर पुन्हा तपासणी होते.

भरपाईचा टक्का मात्र कमाईचा असतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ असे विचारतो की, या दुखापतीमुळे या माणसाची मिळवण्याची ताकद किती गेली? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हा भेद फार स्पष्ट केला आहे. त्या प्रकरणातील कामगार सुतार होता आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एक हात शाबूत आहे म्हणून अपंगत्व अर्धेमुर्धे धरावे, असा मालकाचा आग्रह होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली, असे न्यायालयाने धरले. आपले काम वाकून तोडण्याचे, मोळी बांधण्याचे आणि ती डोक्यावर घेऊन फळी चढण्याचे आहे. ज्या पायाला दाखल्यावर ३५ टक्के लिहिले आहेत, त्याच पायामुळे ऊसतोडीची कमाई किती टक्के गेली, हे डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्यावे लागेल. कायद्याच्या परिशिष्टात ज्या दुखापतींचे टक्के ठरवून दिलेले नाहीत, त्यांच्याबाबत नोंदणीकृत डॉक्टरांचे हे मत हाच आधार असतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘पाय दुखतो’ एवढेच सांगू नका. दिवसाला किती मोळ्या उचलत होता, ट्रॉली किती उंच असते, फळी किती अरुंद असते, हे सगळे सांगा.

आता मुकादमाच्या म्हणण्याकडे वळू. ‘नाव कुठल्याच कागदावर नाही’ हे म्हणणे कायद्यापुढे टिकत नाही, कारण कामाचा करार तोंडी असला किंवा केवळ वागणुकीतून दिसत असला तरी तो करारच मानला जातो. नैमित्तिक कामगारांना या कायद्यातून वगळणारे शब्दही २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले आहेत. नवराबायको मिळून एक कोयता धरण्याची रीत हिशेबाच्या सोयीसाठी आहे; त्या रीतीने बाईची मजुरी नाहीशी होत नाही. आपण त्या फडात काम करत होता, हे मात्र सिद्ध करावे लागेल. त्यासाठी टोळीतील इतर बायकांचे जबाब, मुकादमाच्या वहीचे फोटो, फोनवर उचल पाठवल्याचे संदेश, सरकारी दवाखान्यात पहिल्या दिवशी लिहिलेला केसपेपर आणि वजनकाट्याच्या पावत्या गोळा करा. त्या पावतीकडे नीट पाहा. चार बोटे रुंदीच्या त्या कागदावर तारीख, वाहनाचा क्रमांक, टोळीचा किंवा वाहतूकदाराचा कोड आणि वजन छापलेले असते. अपघाताच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची पावती मिळाली, तर टोळी त्या दिवशी त्या कारखान्यासाठी तोडत होती, हे कारखान्याच्याच कागदाने सिद्ध होते. अशा पावत्या घरोघरी पोत्यात पडून असतात आणि पावसाळ्यात चुलीत जातात. म्हणून हे आजच करा.

टोळीत किती कोयते होते, हेही लिहून ठेवा. शेतीकामासाठी या कायद्याच्या यादीत एक अट आहे : मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी २५ पेक्षा अधिक माणसे कामाला असली पाहिजेत. एका फडात कमी माणसे दिसली तरी एकाच ठेकेदाराच्या हाताखाली त्याच दिवशी आणखी टोळ्या चालू असतात, हे दाखवता येते. कारखाना बहुधा अशी हरकत घेईल की, फड शेतकऱ्याचा होता, ठेका वाहतूकदाराचा होता, आमचा संबंध नाही. कायद्याच्या कलम १२ नुसार स्वतःच्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्यावरही भरपाईची जबाबदारी येते, परंतु अपघाताची जागा त्याच्या ताब्याखाली किंवा कामाच्या आवाक्यात होती, हे दाखवावे लागते. तेथे तोडीचा कार्यक्रम कोणी लावला, चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा माणूस) कोणाचा होता, कोणत्या फडात कधी शिरायचे हे कोण सांगत होते, या गोष्टी कामी येतात. म्हणून दाव्यात मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना या तिघांनाही सामील करावे.

स्टॅम्पपेपरची भीती मनातून काढून टाका. या कायद्याखालील हक्क सोडून देण्याचा करार कलम १७ नुसार रद्दबातल असतो. आणि कलम ८ तर आपल्यासाठीच लिहिले असावे असे वाटते : स्त्री कामगाराला द्यायची एकरकमी भरपाई या कायद्याखालील नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. उचलीबद्दलही तसेच आहे. कलम ९ नुसार भरपाईच्या रकमेतून कोणतेही येणे वळते करता येत नाही. उचलीचा हिशेब काय असेल तो वेगळा. या पैशाला मुकादमाने हात लावायचा नाही.

रकमेचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण मांडतो. कामगार हंगामी आहे म्हणून चार महिन्यांची कमाई बारा महिन्यांवर वाटून पगार लहान करून दाखवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती चुकीची आहे. अपघाताआधी सलग जितके दिवस काम झाले तितक्या दिवसांची कमाई घ्यायची, तिला त्या दिवसांनी भागायचे आणि तीसने गुणायचे, असे कलम ५ सांगते. समजा, ९० दिवसांत एका कोयत्याची तोडणी ७२,००० रुपयांची झाली. त्यात आपला अर्धा वाटा ३६,००० रुपये, म्हणजे महिन्याला १२,००० रुपये. कायमच्या अपंगत्वात त्याच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये धरून वयाच्या गुणकाने गुणायचे. पूर्ण ३५ वर्षे वयासाठी तो गुणक १९७.०६ आहे, गुणाकार १४,१८,८३२ रुपये येतो. डॉक्टरांनी कमाईची ताकद ५० टक्के गेली असे लिहिले, तर त्याची निम्मी, म्हणजे ७,०९,४१६ रुपये भरपाई होते. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय मिळतो. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. पंचवीस हजार आणि ही रक्कम शेजारीशेजारी ठेवून पाहिली, म्हणजे अंगठा घेण्याची घाई कशासाठी होती ते कळते.

दावा अपघातापासून २ वर्षांच्या आत, म्हणजे आपल्या बाबतीत जानेवारी २०२७ मधील अपघाताची तारीख उलटण्याआधी दाखल झाला पाहिजे. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, पण त्या भरवशावर राहू नये. आणि सीमाभागातील प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, दावा कोल्हापुरातच करायला हवा असे नाही. कलम २१ नुसार अपघात जेथे झाला तेथील किंवा कामगार जेथे नेहमी राहतो तेथील आयुक्तांकडे दावा चालतो. आपण अथणीत राहता, तर बेळगाव जिल्ह्यातच दावा करा. येरझाऱ्यांचा खर्च वाचेल आणि साक्षीला येणाऱ्या बायकाही इकडच्याच आहेत. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा दुसरा मार्गही कायद्यात आहे, पण दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो आणि त्याची ६ महिन्यांची मुदत आपल्या हातून गेली आहे. वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. आपला अपघात त्याआधीचा असल्याने वर जुन्या कायद्याची कलमे दिली आहेत. नंतरच्या अपघातांना संहितेतील प्रकरणे लागू होतील. तिच्यात एक चांगली भर अशी आहे की, घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, कामावरचा मानला जातो. फडावरून खोपीकडे अंधारात पायी निघालेल्या माणसांसाठी ही भर मोलाची आहे.

प्रश्न : मी चिक्कोडी तालुक्यातील एका साखर कारखान्यात मिल विभागात १४ वर्षे हंगामी कामगार आहे. वय ४०, पगार १८,००० रुपये. मार्च २०२५ मध्ये कॅरिअरच्या साखळीत माझ्या डाव्या हाताचा अंगठा तुटला. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) कार्यालयात गेलो तर तुमची नोंदच नाही म्हणाले. कारखाना म्हणतो, हातमोजे घातले नव्हते, चूक तुमची. प्रॉव्हिडंट फंड मात्र कापला जातो. (एक वाचक, चिक्कोडी तालुका)

उत्तर : ईएसआयच्या कार्यालयात आपल्याला मिळालेले उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ हंगामी कारखान्यांना लागू होत नव्हता आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर व गूळ करणारे कारखाने नाव घेऊन घातलेले होते. नव्या संहितेतही हंगामी कारखाने बाहेरच आहेत. याचा दुसरा अर्धा भाग असा की, जेथे विमा नाही तेथे भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. ईएसआयचे छत्र असते तर १९२३ च्या कायद्याखाली मालकावर दावा करता आला नसता. ते नाही म्हणूनच आपला दावा उभा राहतो. विमा नाही या कारणाने कामगार घरी बसतो आणि कारखानाही त्याला जागे करत नाही, हे वर्षानुवर्षे चालू आहे याचे मनापासून वाईट वाटते.

अंगठ्याचे टक्के कायद्याच्या परिशिष्टातच ठरलेले आहेत : अंगठा गेल्यास ३० टक्के, अंगठा त्याच्या तळहातातील हाडासह गेल्यास ४० टक्के. या एका हाडाने रकमेत मोठा फरक पडतो, म्हणून ऑपरेशनचा कागद आणि एक्स-रे काढून डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्या. हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. त्यामुळे आपला पगार १८,००० असला तरी १५,००० धरले जातील. त्याचे ६० टक्के ९,००० रुपये, पूर्ण ४० वर्षांचा गुणक १८४.१७, गुणाकार १६,५७,५३० रुपये; त्याचे ३० टक्के म्हणजे ४,९७,२५९ रुपये. हात बांधलेला असताना जे महिने कामाविना गेले, त्यांच्यासाठी मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्याला देण्याची वेगळी तरतूद आहे. मात्र कायमच्या भरपाईचा हिशेब करताना हे हप्ते त्यात कसे धरायचे, हे वकिलांकडून समजून घ्यावे.

हातमोज्यांबद्दल एवढेच सांगतो की, कामगाराचा साधा निष्काळजीपणा हा या कायद्यात मालकाचा बचाव होत नाही. दारू प्यालेला असणे, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकणे, हेच बचाव आहेत आणि ते मालकाने सिद्ध करायचे असतात. हातमोजे दिल्याची सही असलेले रजिस्टर आणि ते घालण्याचा लेखी हुकूम दाखवा, असे आपल्या वकिलांनी मागावे.

फंडाबद्दल दोन गोष्टी आहेत. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये हंगामी कामगाराचे एका वर्षातील प्रत्यक्ष काम कितीही कमी महिन्यांचे असले, तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. त्यामुळे आपले १४ हंगाम म्हणजे १४ वर्षांची सेवा होय. चार-चार महिने मिळवून कोणी पाच वर्षांचा आकडा सांगितला तर तो स्वीकारू नका. दुसरे असे की, या योजनेत कायमच्या पूर्ण अपंगत्वाची पेन्शन आहे आणि त्यासाठी एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. तो अपघात कामावरच झालेला असावा असेही बंधन नाही. पण अट कडक आहे : अपंगत्व येतेवेळी जी कामे आपण करू शकत होता त्या सर्वांना आपण कायमचे निकामी झालेले असले पाहिजे. एका अंगठ्यावर ती मिळण्याची शक्यता मला दिसत नाही आणि खोटी आशा लावणे योग्य होणार नाही. आपल्या कारखान्यातील ज्या कोणाचे दोन्ही हात किंवा दृष्टी गेली असेल, त्याच्या घरी मात्र हे वाचून दाखवा.

प्रश्न : मला लहानपणापासून पोलिओ आहे, दाखला ५५ टक्क्यांचा. हंगामात पाच महिने महाराष्ट्रातल्या एका गुऱ्हाळावर हिशेब लिहायला जातो. मी गावी नसताना पडताळणी झाली आणि माझी पेन्शन बंद झाली. कोणी म्हणते, कमावणाऱ्याला पेन्शन नसतेच. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) कोल्हापुरात उपचार चालू असताना काढले, तेही चालत नाही म्हणतात. (एक वाचक, निपाणी तालुका)

उत्तर : कमावणे हा गुन्हा नाही आणि अपात्रताही नाही. कर्नाटकाची दिव्यांग पेन्शन तीन गोष्टी पाहते : राज्यातील कायमचे वास्तव्य, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला. ७५ टक्क्यांपासून रक्कम वाढते. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला मात्र ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव लागते, म्हणून ती आपल्याला लागू नाही. गुऱ्हाळावरील पाच महिन्यांची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात प्रामाणिकपणे दाखवा. मर्यादेत बसत असाल तर काम करता म्हणून कोणी पेन्शन रोखू शकत नाही.

कामासाठी काही महिने बाहेर जाण्याने वास्तव्य बदलत नाही. तहसीलदारांच्या नावे अर्ज करा. त्यास रेशन कार्ड, मतदार यादीतील नोंद आणि आपण हंगामी कामासाठी बाहेर होता असे ग्रामपंचायतीचे पत्र जोडा, आणि पेन्शन बंद झाल्यापासूनची थकबाकी स्पष्ट शब्दांत मागा. अर्ज नाडकचेरीत (कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयात) दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. यापुढे जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीतील ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याकडे आणि तलाठ्याकडे आपला फोन नंबर व परतण्याचा महिना लेखी देऊन ठेवावा. या कार्यकर्त्याची नेमणूकच दिव्यांगांना अर्ज, दाखले आणि साधने मिळवून देण्यासाठी असते, पण पुष्कळ गावांत लोकांना तो कोण आहे हेही माहीत नसते.

कार्डाबद्दल मिळालेली माहिती साफ चुकीची आहे. राहत्या जिल्ह्याप्रमाणेच, जेथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही दाखल्यासाठी अर्ज करता येतो, आणि २०१६ च्या कायद्याच्या कलम ५८ नुसार असा दाखला सबंध देशात ग्राह्य आहे. अडचण बहुधा नावाची असते. महाराष्ट्रातील कागदावर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे तीन शब्द असतात, कर्नाटकातील कागदावर आद्याक्षर आणि नाव असते, आणि कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाचे स्पेलिंग बदलते. संगणकाला ती दोन माणसे वाटतात. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि युडीआयडी या तिन्हींवरचे नाव अक्षरन् अक्षर एक करून घ्या. निम्म्या तक्रारी तेवढ्याने मिटतात, हा माझा अनुभव आहे.

पलीकडच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार योजनेचाही अर्ज करावा का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. करू नये. ती योजना महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे आणि दोन राज्यांत रहिवासी असल्याचे लिहून देणे आपल्याला दोन्हीकडून अडचणीत आणील.

प्रश्न : आईने निपाणीत तंबाखूच्या वखारीत तीस हंगाम काढले. आता दम लागतो, चार पावले चालवत नाही. दिव्यांग दाखला मिळेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : खेदाने सांगावे लागते की फुफ्फुसाचा आजार २०१६ च्या कायद्यातील २१ अपंगत्वांच्या यादीत नाही, त्यामुळे केवळ दम्यासाठी दाखला मिळणार नाही. परंतु आईंना ऐकू कमी येत असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही दिसत नसेल किंवा गुडघ्यांची हालचाल बंद झाली असेल, तर त्यासाठी तपासणी करून घ्या. दोन अपंगत्वे असल्यास ती एकत्र मोजली जातात. वय ६५ पूर्ण असेल तर कर्नाटकाच्या संध्या सुरक्षा योजनेचा अर्ज नाडकचेरीत करावा. तो अधिक लवकर मार्गी लागेल.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील शेतकरी. भाताची मळणी झाली की डिसेंबरपासून मेपर्यंत बेळगावात बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली असतो. लेबर कार्ड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये परांचीवरून पडून कंबरेला मार लागला आणि त्यानंतर कामावर जाता आले नाही. सप्टेंबरमध्ये कार्डाचे नूतनीकरण करायला गेलो तर वर्षात ९० दिवस भरले नाहीत म्हणून नाकारले. बँकेतला वीस रुपयांचा विमाही होता, पण तो चालू नाही म्हणतात. (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम, एवढीच अट होती, ती सलग असावी असे नाही आणि उरलेले दिवस शेतीत घालवले म्हणून कोणी अपात्र होत नाही. आपल्यासारख्या अर्धे वर्ष शेतात आणि अर्धे वर्ष परांचीवर असणाऱ्या माणसाला ती बरोबर बसते. राहिला प्रश्न न भरलेल्या दिवसांचा. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये असे स्पष्ट लिहिले होते की, कामावरील अपघाताच्या दुखापतीमुळे जे दिवस कामावर जाता आले नाही, ते ९० दिवसांच्या मोजणीतून वगळायचे. म्हणजे अपघातानेच कार्ड बंद पडावे, अशी कायद्याची इच्छा नाही. नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा द्या, त्यात कलम १४ चा उल्लेख करा आणि रुग्णालयातील दाखल होण्याची व सुटीची तारीख, डॉक्टरांचे विश्रांतीचे पत्र आणि ठेकेदाराचे किंवा सोबतच्या गवंड्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. नकार तोंडी देतात. तो लेखी मागा. कार्ड जिवंत झाल्यावर बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे अपघात साहाय्याचा आणि कंबरेचे अपंगत्व कायमचे ठरल्यास अपंगत्व पेन्शनचा अर्ज करता येईल. ठेकेदाराविरुद्ध भरपाईचा दावा याहून स्वतंत्र आहे. पहिल्या उत्तरात सांगितलेली २ वर्षांची मुदत आपल्यालाही लागू आहे.

वीस रुपयांचा विमा म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिचे वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपते आणि हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. आपला अपघात फेब्रुवारी २०२५ चा आहे. म्हणून मे-जून २०२४ मध्ये हप्ता कापला गेला होता का, एवढेच पाहायचे आहे. आज विमा चालू आहे की नाही याला महत्त्व नाही. बँकेत जाऊन त्या दोन महिन्यांचे पासबुक भरून घ्या. या विम्यात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास २ लाख आणि एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. कंबरेच्या मारामुळे पायातील शक्ती कायमची गेली असेल तरच दावा बसेल. पुढच्या वर्षासाठी मात्र एक गोष्ट पाळावी. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी खाते रिकामे असते, कारण बियाणे आणि खत नुकतेच घेतलेले असते. त्या एका आठवड्यात खात्यात वीस रुपये नसले की विम्याचे संरक्षण थांबते. मजुरीचा शेवटचा हप्ता हाती आला की खात्यात शंभर रुपये तसेच राहू द्यावेत.